हेड खोलण्याआधी माप घ्या : घरच्या घरी गाडीचं कॉम्प्रेशन कसं तपासायचं

"रिंगा गेल्यात साहेब, इंजिन उतरवावं लागणार." बॉनेट उघडून दोन मिनिटं कान लावला आणि मिस्त्रीनं निकाल देऊन टाकला. खर्च विचारला तर बोलणं चाळीस हजारांपासून सुरू. गाडी माझी जुनी अल्टो, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, मागे सीएनजीची टाकी. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि जोतिबाच्या चढाला दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार नसायची. एवढं लक्षण पुरेसं होतं म्हणे.

संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या काकांना हे सांगितलं. काकांची सगळी उमेदीची वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथसमोर गेली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "रिंगा गेल्यात हे त्याला कुणी सांगितलं? माप घेतलं का त्यानं? न्हाई न्हवं? मग आधी माप घे की."

ते माप म्हणजे कॉम्प्रेशन. मी पेशानं मेकॅनिक नाही, ऑफिसात बसून काम करणारा माणूस आहे. तरी एका रविवारी अंगणात बसून ते मी घेतलं. पहिल्यांदा घेताना चार चुका केल्या, त्यातली एक महागात पडता पडता राहिली. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीवर हे करू नका. डिझेल इंजिनात दाब सहज ४०० पौंडांच्या आसपास जातो, पेट्रोल गाडीचा दाब मोजायचा गेज बहुधा ३०० ला संपतो. शिवाय पुढे येणारी तेल घालून करायची चाचणी डिझेलमध्ये धोक्याची, कारण तिथं इंधन दाबानंच पेट घेतं. डिझेलचा गेज वेगळा, जोडणी वेगळी; ते काम डिझेल गाड्यांच्या मिस्त्रीकडेच द्या.

१. आपण नेमकं काय मोजतोय

पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. ती हवा कुठूनही निसटली नाही तर दाब चांगला येतो. निसटायला वाटा तीनच: पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या वॉल्वमधून वर, किंवा हेड गॅस्केटमधून (सिलिंडरांवरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालची सीलची पट्टी म्हणजे गॅस्केट) बाजूला. स्पार्क प्लग काढायचा, त्याच्या भोकात गेज बसवायचा, सेल्फ मारायचा आणि काटा कुठपर्यंत जातो ते बघायचं. तत्त्व एवढंच. टायरमध्ये आपण ३० पौंड हवा भरतो तेच हे पौंड, म्हणजे पीएसआय. गेजवर आतल्या बाजूला किलोचे किंवा बारचेही आकडे असतात. १ किलो म्हणजे १४.२ पौंड, १ बार म्हणजे १४.५. कुठलंही एक धरा, पण शेवटपर्यंत तेच वापरा. मी पहिल्या सिलिंडरचं माप किलोत आणि दुसऱ्याचं पौंडांत लिहून ठेवलं होतं. ही माझी पहिली चूक.

२. काय काय लागेल

कॉम्प्रेशन गेज. दोन प्रकार मिळतात. एकाच्या टोकाला रबरी शंकू असतो, तो हातानं भोकावर दाबून धरावा लागतो. दुसऱ्याला लवचिक नळी आणि आटे असलेलं टोक असतं. दुसराच घ्या. रबरी शंकू एकट्या माणसाला झेपत नाही, थोडा तिरका झाला तरी हवा निसटते आणि तुम्ही चांगल्या इंजिनाला नावं ठेवता. मला हजार रुपयांच्या आसपास सेट मिळाला आणि घरकामाला तो पुरेसा आहे.

घेताना तुमच्या प्लगचे आटे बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत १४ मिलिमीटरचे असतात, काही नव्या गाड्यांत १२ चे. जुना प्लग खिशात घालून दुकानात जाणं सगळ्यात सोपं. गेजचं टोक त्या प्लगशेजारी धरा. टोकाचा आट्यांचा भाग प्लगपेक्षा लांब असेल तर तो आत पिस्टनला किंवा वॉल्वला लागू शकतो. असलं टोक नको.

प्लग पाना. जुन्या मारुती गाड्यांना २१ चा लागायचा, नव्या बऱ्याच गाड्यांना १६ चा लागतो. आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, नाहीतर खोल विहिरीत बसलेला प्लग सुटतो पण वर येत नाही. रॅचेट आणि लांब एक्स्टेंशनही हवं.

याशिवाय: वही-पेन, मास्किंग टेप, इंजिन ऑइलची छोटी बाटली, सुई काढलेली पाच-दहा मिलीलीटरची सिरिंज आणि तिला जोडायला बारीक नळी, फुंकणी किंवा हवेचा पंप, फडकं, हातमोजे, गाडीचं ओनर्स मॅन्युअल. आणि एक माणूस. सेल्फ मारायला आणि एक्सलेटर दाबायला कुणीतरी आत बसायला हवं. माझ्या बाबतीत बायको होती. "मारू का?" आणि "मार" हे दोन शब्द आधी पक्के ठरवून घ्या. ठरवलेले नसतील तर काय होतं ते पुढे येईल.

३. बॅटरी, जागा, गाडी गरम करणं

बॅटरी उतरलेली असेल तर आजचा दिवस सोडा. आधी चार्ज करून घ्या. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण दोनशे-तीनशे फेरे घेतं. तेवढा वेग मिळाला नाही तर काटा कमीच दाखवणार. त्यात एक मेख आहे. पहिला सिलिंडर तपासताना बॅटरी ताजी असते, शेवटच्याला ती दमलेली असते, आणि मग शेवटचा सिलिंडर उगाच आरोपी ठरतो. शंका आली तर शेवटी पहिल्याचं माप परत घ्या. ते पहिल्यासारखंच आलं तर बॅटरी निर्दोष.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. क्लच दाबून ठेवला तर सेल्फला हलकं जातं, शिवाय काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत.

इंजिन गरम हवं, कारण गरम झाल्यावर धातू फुगतो आणि रिंगा व वॉल्व आपल्या जागी नीट बसतात. रंकाळ्याला एक चक्कर मारून या, टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी आला की पुरे. पण लगेच प्लगला हात घालू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते फार तापलेलं असताना प्लग काढला तर आटे खरवडून येतात, आणि हेडचे आटे गेले की ते काम तुमच्या अंगणात होत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबा. हात लावून सहन होईल इतकं कोमट चालतं.

४. पेट्रोल आणि ठिणगी बंद करा

ही पायरी गाळून पुढे जायचं नाही.

प्लग काढल्यावर सेल्फ मारला की भोकांतून हवा जोरात बाहेर येते. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चालू असतील तर तीच हवा पेट्रोलची वाफ घेऊन येते. शेजारी प्लगला वीज देणारी कॉइल किंवा प्लग वायर मोकळी लटकत ठिणग्या मारत असेल तर बॉनेटखाली काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. तो कुठला ते मॅन्युअलमधल्या किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्यात असतं. फ्यूज काढून गाडी सुरू करा. लाइनमध्ये उरलेलं पेट्रोल जळेल आणि ती आपोआप बंद पडेल. सुरू झाली आणि बंदच पडली नाही तर चुकीचा फ्यूज काढलाय. सीएनजी गाडी असेल तर टाकीचा वॉल्व हातानं बंद करा आणि स्विच पेट्रोलवर टाका.

मग ठिणगी. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. तिचा कपलर (वायरीची जोडणी) काढा, बोल्ट काढा, कॉइल उचलून बाजूला ठेवा. जुन्या गाड्यांत प्लग वायरी असतात. त्यात कॉइलकडे जाणारा कपलरच काढून टाका. वायरी नुसत्या मोकळ्या ठेवून सेल्फ मारू नका, कॉइलही जाऊ शकते. काढलेल्या प्रत्येक गोष्टीवर टेप लावून आकडा लिहा. बेल्टच्या बाजूचा सिलिंडर बहुधा एक नंबर.

माझी दुसरी चूक इथली. मी कपलर काढले, पण फ्यूज काढलाच नाही. पहिल्या सेल्फला प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा वास आला. काका अंगणाच्या कठड्यावर बसले होते, त्यांच्या बोटांत पेटलेली बिडी. ती त्यांनी ज्या वेगानं रस्त्यावर फेकली, तो मला आजही आठवतो.

५. प्लग काढणं

काढण्याआधी प्रत्येक प्लगच्या विहिरीत हवा मारा. खडे, वाळू, पावसाळ्यात पाणी, उंदरानं आणून टाकलेलं काहीही तिथं असतं. प्लग निघाला की ते सरळ सिलिंडरमध्ये जातं.

प्लग सगळे काढा, एकच नव्हे. बाकीचे जागेवर राहिले तर सेल्फला जोर लागतो, वेग कमी होतो आणि माप खाली येतं. काढलेले प्लग क्रमानं कागदावर मांडा. त्यांचे चेहरे बघून ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. तेलकट काळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा असेल तर तिथं कूलंट शिरत असण्याची शक्यता आहे. माझा तीन नंबरचा बाकीच्यांसारखाच होता, तेलकट अजिबात नाही. रिंगा गेल्या असत्या तर तेल दिसायला हवं होतं. पहिला संशय मला तिथंच आला.

६. गेज लावा, सेल्फ मारा

गेजचं टोक हातानंच घट्ट करा, पाना लावू नका. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज बसायला हवेत. अडलं तर आटे चुकलेत, मागे घ्या आणि परत सुरू करा.

आतल्या माणसानं एक्सलेटर पूर्ण तळाला दाबून धरायचा आणि मग सेल्फ मारायचा. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, बंद राहिला तर इंजिनाला ओढायला हवाच मिळत नाही, मग दाब कशाचा होणार? सगळे सिलिंडर एकसारखे कमी आले तर बहुतेक वेळा हीच गफलत असते. नव्या गाड्यांत एक्सलेटरला केबल नसते, मोटर थ्रॉटल उघडते. तिथं एअर फिल्टरचा पाइप काढून, चावी ऑन करून, पेडल दाबल्यावर झडप खरंच उघडते का ते डोळ्यांनी बघा. उघडत नसेल तरी स्क्रू ड्रायव्हर घालून ती अडकवू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. सगळी मापं झडप आहे तशीच ठेवून घ्या. आकडे खाली येतील, पण सिलिंडरांची आपसातली तुलना तरी होईल.

आता "मार". काटा टप्प्याटप्प्यानं चढतो. प्रत्येक टप्पा म्हणजे पिस्टनचा एक दाब. चार, पाच, फार तर सहा टप्प्यांनंतर तो चढायचा थांबतो. याला तीन-चार सेकंद लागतात. प्रत्येक सिलिंडरला टप्पे सारखेच मोजा. एकाला चार आणि दुसऱ्याला आठ दिलेत तर तुलना खोटी ठरते.

दोन आकडे लिहा: पहिल्या टप्प्याला काटा कुठं गेला आणि शेवटी कुठं थांबला. पहिला आकडा बहुतेक लोक लिहीत नाहीत. तो का हवा ते पुढच्या पायरीत येईल. मोबाइलवर गेजचा व्हिडिओ काढला तर हे सोपं जातं. मग गेजची कळ दाबून हवा सोडा, सेल्फला अर्धा मिनिट विश्रांती द्या आणि त्याच सिलिंडरचं माप आणखी एकदा घ्या. दोन मापं जुळली तरच पुढच्याकडे वळा.

सेल्फ चालू असताना हात, बाही, ओढणी बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो न विचारता फिरायला लागतो. आणि ते ठरवलेले शब्द: मी गेज घट्ट करत असताना बायकोला वाटलं मी "मार" म्हणालो. मी शेजाऱ्याला "मागं सर" म्हणालो होतो. बोटं वाचली, म्हणून आता हे टाइप करता येतंय. ही झाली तिसरी.

काढताना नळी फिरवली की कधी कधी नळी सुटते आणि पितळी टोक हेडमध्येच राहतं. घाबरू नका. इंजिन थोडं थंड होऊ द्या आणि पान्यानं हलकेच काढा. पण ते आत असताना प्लगचे आटे शोधत बसू नका. मी पाच मिनिटं "प्लगचे आटे कुठं गेले" म्हणून टॉर्च मारत बसलो होतो.

७. आकडे वाचायचे कसे

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: किती यायला हवं? ढोबळमानानं चांगल्या पेट्रोल इंजिनात १४० ते २०० पौंड. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) जास्त असलेली नवी इंजिनं वरच्या टोकाला, जुनी खालच्या. १०० च्या खाली आलं तर तो सिलिंडर आजारी. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो.

तो आकडा बघताना कोल्हापूरकरांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहोत. इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. इंजिन जी हवा ओढतं तीच विरळ, म्हणून दाबलेलीही कमी भरते. रत्नागिरीत १८० दाखवणारं इंजिन इथं १७० च्या जवळपास दाखवेल, आणि पन्हाळ्यावर त्याहून थोडं कमी. त्यात इंजिनाचा दोष काही नाही. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा दहा पौंड कमी आले म्हणून लगेच गॅरेजला फोन लावू नका.

माझ्या मते तो आकडा दुय्यमच. स्वस्तातला गेज पाच-दहा पौंड इकडे तिकडे दाखवतोच, पण सगळ्या सिलिंडरांना सारखंच खोटं बोलतो. म्हणून सिलिंडरांमधला फरक बघा. बऱ्याच जपानी बनावटीच्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये हा फरक १ किलो, म्हणजे १४ पौंडांच्या आसपास, यापेक्षा जास्त नको असं सांगितलेलं असतं. गॅरेजमधला हिशेब साधारण दहा टक्क्यांचा. सगळे १४५-१५० असतील तर जुनं इंजिन आहे, पण सगळे मिळून म्हातारे झालेत. आणखी वर्षानुवर्षं चालेल. दोन १७० आणि एक ११० असेल तर मात्र त्या एकाला काहीतरी झालंय.

माझे आकडे असे होते. एक नंबर: १६५. दोन: १६०. तीन: ९५.

आता तो पहिल्या टप्प्याचा आकडा. रिंगा झिजल्या असतील तर पहिल्या टप्प्याला काटा कमी उचलतो, पण पुढच्या प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा चढत राहतो, तरी पुरता वर पोचत नाही. वॉल्वमधून गळत असेल तर पहिल्याच टप्प्याला कमी आणि पुढेही तो फारसा सरकत नाही. माझा तीन नंबर पहिल्याला ७० आणि मग रडतखडत ९५ ला येऊन बसला. संशय वॉल्ववर.

आणखी काही खुणा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळेच फार कमी असतील तर आधी थ्रॉटल आणि बॅटरी बघा, मग टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते. गाडी सुरू करण्यासाठी सेल्फ मारून मारून सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलनं धुतलं गेलं असेल तरीही सगळे खाली येतात. आणि एखादा नेहमीपेक्षा बराच जास्त आला तर खूश होऊ नका, आत कार्बनचा थर साठून जागा कमी झालेली असते.

गेजबद्दल एक चोरटी गोष्ट. नळीच्या टोकाला टायरच्या वॉल्वसारखी छोटी पिन असते. ती खराब झाली की लोक टायरची पिन काढून बसवतात. दिसायला सारखीच, पण टायरच्या पिनेची स्प्रिंग जास्त कडक असते, त्यामुळं गेज कायम कमी दाखवतो. सेकंडहँड किंवा मित्राचा गेज आणलात तर हे विचारून घ्या.

८. तेल घालून परत माप

ज्या सिलिंडरचं माप कमी आलं त्यात सिरिंजनं एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलीलीटरच्या आसपास, इंजिन ऑइल सोडा. प्लग नसतानाच दोन-तीन सेकंद सेल्फ मारा म्हणजे ते पसरेल. भोकावर फडकं टाका आणि तोंड लांब ठेवा. मग गेज लावून नेहमीसारखं माप घ्या.

तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. माप एकदम वर उडालं, समजा ९५ चं १३५ झालं, तर गळती रिंगांतून होती. जवळजवळ तेवढंच राहिलं तर गळती वर आहे, वॉल्वमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. माझं ९५ चं १०० झालं.

जास्त तेल घालायचा मोह आवरा. चमचाभरापेक्षा जास्त घातलं तर जागाच कमी होऊन माप खोटं वाढतं. आणि तेल दाबलं जात नाही. जास्त साठलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. माझी चौथी चूक म्हणजे मी "अजून थोडं" म्हणून सिरिंज दुसऱ्यांदा भरली होती. काकांनी मनगट धरलं.

९. हवा भरून ऐकणं, जमलं तर

कॉम्प्रेसर मिळाला तर गळतीची जागा कानानं सापडते. गेजच्या नळीतली पिन काढून नळी प्लगच्या भोकात लावायची, तो पिस्टन दोन्ही वॉल्व बंद असताना पूर्ण वर आणायचा आणि नळीतून हवा सोडायची. थ्रॉटलकडून फुसफुस आली तर इनटेक वॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व, ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. हवेच्या जोरानं इंजिन फिरू शकतं, म्हणून पुलीच्या बोल्टवर पाना अडकवून ठेवायचा नाही.

मी हे केलं नाही, कारण आकड्यांनीच पुरेसं सांगितलं होतं. सीएनजी कोरडं इंधन आहे, त्यावर वॉल्व सीट (वॉल्व ज्यावर टेकून बंद होतो ती कड) जास्त झिजतात, वॉल्व हेडमध्ये आत आत जातो आणि टॅपेटची फट, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली मोकळी जागा, बुजत जाते. फट उरली नाही की वॉल्व पूर्ण बंदच होत नाही. टॅपेटचं कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घातला तर तीन नंबरच्या एक्झॉस्टला पातळात पातळ पातीही शिरेना. टॅपेट सेट केले, गाडी दोन दिवस चालवली आणि परत माप घेतलं. तीन नंबर १५० वर आला. चाळीस हजारांच्या जागी एक कव्हर गॅस्केट आणि अर्धा दिवस. ही फट मुळात ठराविक किलोमीटरला तपासायची असते आणि सीएनजीवर ती लवकर तपासावी लागते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. प्रत्येक गाडी इतक्या स्वस्तात सुटेलच असं नाही. सीट जळलेली असती तर हेड उतरवावंच लागलं असतं. पण हेड उतरवणं वेगळं आणि सगळं इंजिन उतरवणं वेगळं.

१०. जुनी गाडी घेताना

कोल्हापुरात सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानं हे माप घेतल्याशिवाय टोकन देऊ नये असं माझं ठाम मत झालंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, सीट बदलून त्यातल्या कित्येक परत रस्त्यावर आल्या. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला कुणी सेल्फ मारला असेल तर सिलिंडरमधल्या पाण्यानं रॉड किंचित वाकलेला असतो. गाडी चालते, आवाजही फारसा येत नाही. पण तो पिस्टन पूर्ण वर जात नाही, म्हणून त्या एका सिलिंडरचं माप बाकीच्यांपेक्षा कमी येतं.

मालकाची परवानगी आधी घ्या, प्लग काढणार आहे हे स्पष्ट सांगा. सोबत आरसी, विम्याची कागदपत्रं आणि सर्व्हिसच्या पावत्या मागा. विम्यात मोठा क्लेम दिसला तर तो कशाचा ते विचारा. मापाला नकार मिळाला तर मी तरी पुढे बोलत नाही. आणि बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असेल तर ते थंड असताना कसं सुरू होतं हे बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

११. परत जोडताना

प्लग हातानं बसवा. विहीर खोल असेल तर प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घालून फिरवा. आटे चुकले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. हातानं पूर्ण टेकल्यावर पान्यानं घट्ट करायचं. नवा वॉशरवाला १४ चा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, वापरलेला असेल तर वॉशर आधीच दबलेला असतो, जेमतेम बाराव्या हिश्श्याचा फेरा पुरे. टॉर्क पाना असेल तर आकडा मॅन्युअलमधून घ्या.

कॉइल आणि कपलर टेपवरच्या आकड्यांप्रमाणे, मग फ्यूज, मग सीएनजीचा वॉल्व. हत्यारं मोजून परत ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना दोन-तीन जास्त सेल्फ लागतील. तेल घातलं असेल तर काही मिनिटं निळा धूर येईल, दोरीवर कपडे वाळत असतील तर शेजारच्या वहिनींना आधी सांगून ठेवा. चेक इंजिनचा दिवा लागला तर तो काढलेल्या कपलरमुळं असण्याची शक्यता जास्त. ओबीडी स्कॅनरनं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानं) पुसता येतो, नाहीतर बऱ्याच गाड्यांत काही दिवस चालवल्यावर आपोआप जातो. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल तर एखादा कपलर नीट बसलेला नाही. बंद करा आणि परत दाबून बघा.

आकड्यांची चिठ्ठी फेकू नका. तारीख, किलोमीटर, प्रत्येक सिलिंडरचे दोन्ही आकडे आणि कुठला गेज वापरला ते लिहून आरसीच्या पाकिटात ठेवा. मी ती घेऊन त्याच गॅरेजमध्ये गेलो होतो, टॅपेटचं कव्हर गॅस्केट मागायला. मिस्त्रीनं चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि विचारलं, "गेज कितीला घेतला?"